पंखा: वारा कुठे पडतो, वीज कुठे जाते, आवाज कुठून येतो

बंद खोलीत थर्मामीटर ठेवून तासभर पंखा चालवला तरी पारा खाली येत नाही. आलाच फरक तर किंचित वरच जातो, कारण मोटर जेवढी वीज घेते ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. गार होतो तो खोलीत बसलेला माणूस. शांत बसलेलं शरीरसुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. वारा नसला की अंगालगत गरम, दमट हवेचा पातळ थर साचतो आणि घाम वाळायचा थांबतो. पंखा हा थर सतत हटवत राहतो. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाला १५० ग्रॅम घाम नीट वाळला तर त्या १०० वॅटची सोय लागते. सेकंदाला १ मीटर वेगाचा वारा अंगावर आला तर हवा आहे त्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड वाटते.

यातून पहिली गोष्ट निघते ती सरळ आहे: रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा फक्त वीज खातो आणि खोली तापवतो. “जरा खोली गार होऊ दे” म्हणून आधीपासून पंखा लावून ठेवण्यात काहीच हशील नाही. एसी चालू असताना मात्र पंखा कमी वेगावर जरूर ठेवावा. अंगावर वारा असला की एसीचं तापमान सुमारे २ अंशांनी वर ठेवूनही तेवढंच बरं वाटतं, आणि एसीच्या विजेपुढे पंख्याची वीज किरकोळ असते.

पंख्याला मर्यादाही आहे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला उष्णता द्यायला लागतो आणि सगळी भिस्त घाम वाळण्यावर राहते. ४० अंशांच्या पुढे पंख्याने शरीर उलट तापतं, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनाही देते. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, त्यामुळे अशा उन्हाळ्यात त्यांना नुसत्या पंख्याच्या भरवशावर ठेवू नये. हात, मान, पाय ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर घामाचं काम पाणी करतं आणि पंख्याचा उपयोग पुन्हा सुरू होतो. हे कोरड्या हवेत चांगलं जमतं; हवा आधीच दमट असेल तर कमी.

वारा नेमका कुठे पडतो

सिलिंग फॅनच्या बरोबर मधोमध, मोटरच्या डब्याखाली, वारा सर्वांत कमी लागतो. तिथे पाती नाहीतच. वाऱ्याचा जोर असतो पात्यांच्या मधल्या आणि बाहेरच्या भागाखाली. तिथून हवेचा झोत खाली येतो, जमिनीवर आपटून पसरतो, भिंतीपाशी वर चढतो आणि पुन्हा पंख्यात खेचला जातो. म्हणून पलंग असा ठेवावा की झोपणाऱ्याचं धड पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळात येईल. पंख्याच्या व्यासाच्या दीडपट अंतराबाहेर बसलेल्या माणसाला मोठ्या पंख्याचाही फारसा उपयोग होत नाही. लांबट खोलीत मधोमध एकच दणकट पंखा लावण्यापेक्षा दोन साधे पंखे माणसं जिथे बसतात तिथे लावले तर ते केव्हाही बरे.

आकार ठरवताना ‘स्वीप’ बघतात, म्हणजे फिरताना पात्यांची टोकं जे वर्तुळ काढतात त्याचा व्यास. ७-८ चौरस मीटरच्या छोट्या खोलीला ९०० मिलिमीटर पुरतो, १२-१४ चौरस मीटरपर्यंत १२०० चालतो, त्यापुढे १४०० घ्यावा आणि खोली २० चौरस मीटरच्या आसपास गेली की दोन पंख्यांचा विचार करावा. पात्याच्या टोकापासून भिंत, कपाट किंवा माळा किमान अर्धा मीटर लांब हवा. जवळ असेल तर हवा तिथल्या तिथे घुटमळते आणि पंखा फडफडल्यासारखा आवाज करतो.

उंचीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पाती जमिनीपासून २.४ ते २.७ मीटरवर असली तर वारा चांगला लागतो. २.१ मीटरच्या खाली ती कधीही नकोत, आणि दोनमजली पलंगाजवळ तर मुळीच नकोत. वरच्या बाजूलाही जागा लागते, कारण पंखा हवा वरूनच ओढतो. पाती आणि छत यांच्यात ३० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर राहिलं तर पंख्याला हवा मिळत नाही; मोटर तेवढीच वीज घेते आणि खाली मात्र वारा नाही. छत ३.६ मीटर उंच असेल तर सुमारे १ मीटर लांब दांडी घ्यावी. सोबत आलेली आखूड दांडी तशीच लावून टाकतात आणि मग पंखा बदलायला निघतात, हे फार घरांत होतं.

संध्याकाळी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गार झाली की टेबल फॅन वेगळ्या कामाला लावता येतो. एका खिडकीकडे तोंड करून, खिडकीपासून अर्धा-पाऊण मीटर मागे ठेवून तो बाहेरच्या दिशेला फिरवायचा आणि समोरची खिडकी उघडायची. झोत बाहेर जाताना आजूबाजूची हवाही ओढून नेतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आत येते. खरोखर खोलीचं तापमान उतरवणारा पंख्याचा एवढा एकच वापर.

खोक्यावरचे आकडे

दुकानात आधी सांगतात ते आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. हा आकडा एकटा बघून काही कळत नाही. पात्यांचा कोन कमी ठेवला की मोटरवरचा भार हलका होतो आणि पंखा गरागरा फिरतो, पण हवा कमी ढकलतो. बघायचा तो ‘एअर डिलिव्हरी’चा आकडा: मिनिटाला किती घनमीटर हवा. १२०० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याचा हा आकडा २१० ते २३० च्या घरात असतो. त्याला वॅटने भागलं की पंख्याची खरी लायकी समजते. ७५ वॅटमध्ये २१० घनमीटर म्हणजे वॅटमागे २.८, ३० वॅटमध्ये २२० म्हणजे ७.३.

पाती तीन की पाच, हा बराचसा आवडीचा प्रश्न. पाती वाढली की हवेचा विरोध वाढतो आणि वेग उतरतो. आवाज मात्र सहसा मऊ येतो. वाऱ्यासाठी रुंद, नीट वळण दिलेली तीन पाती पुरेशी होतात. नक्षीदार, झुंबरासारखे, मधोमध मोठा दिवा असलेले पंखे दिसायला छान असतात, पण त्यांच्याकडून वाऱ्याची फार अपेक्षा ठेवू नये.

दोन प्रकारच्या मोटरी

साध्या सिलिंग फॅनमध्ये इंडक्शन मोटर असते आणि ती उलटी बांधलेली असते. तांब्याच्या तारांची वाइंडिंग आत दांडीला धरून स्थिर, आणि बाहेरचा डबा फिरतो. पाती त्या डब्यालाच बसवलेली. ५० हर्ट्झच्या विजेवर १६ पोलची (म्हणजे १६ चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला जास्तीत जास्त ३७५ फेऱ्यांच्या जवळ जाऊ शकते, प्रत्यक्षात थोडी मागेच राहते. या मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १८० व्होल्ट झाले की जोर सुमारे ६१ टक्के उरतो. संध्याकाळी पंखा मंदावतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड वाइंडिंगला हवी तशी वीज पुरवतो. चुंबकत्व तयार करण्यात वीज जात नाही, म्हणून जिथे साधा पंखा ७०-८० वॅट घेतो तिथे हा २८-३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. व्होल्टेज बरंच वरखाली झालं तरी वेग हलत नाही. इन्व्हर्टरवर तर फरक चटकन जाणवतो: तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते, आणि साधा पंखा स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर जो गुंऽऽ आवाज काढतो तोही येत नाही.

हिशोब करून बघा. रोज १२ तास चालणारा पंखा ७५ ऐवजी ३० वॅटचा घेतला तर दिवसाला ०.५४ युनिट वाचतं; वर्षातले २०० दिवस धरले तर १०८ युनिट. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज ३ तास चालत असेल तर वर्षाला २७ युनिटच. तेव्हा झोपायच्या आणि बसायच्या खोलीत बीएलडीसी, क्वचित वापराच्या जागी साधा, अशी विभागणी शहाणपणाची. बोर्ड हा याचा नाजूक भाग आहे. वीज कडाडली, लाइनला झटका आला की मोटर शाबूत राहते आणि बोर्ड जातो. तो कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होत नाही. घेताना दोन प्रश्न विचारावेत: बोर्डाची वॉरंटी किती, आणि सुटा बोर्ड मिळतो का? वीज जाऊन आल्यावर पंखा आपोआप आधीच्या वेगावर चालू होतो की रिमोटची वाट बघत थांबतो, हेही बघून घ्यावं. रात्री लाइट आल्यावर अंधारात रिमोट शोधत बसायला नको. एकाच खोलीत एकाच मॉडेलचे दोन पंखे लावले तर एका रिमोटने दोन्ही हलतात, याचीही तयारी ठेवावी.

रेग्युलेटरबद्दल बराच गोंधळ असतो. जुना मोठा, गरम होणारा रेग्युलेटर पंख्याची वीज अडवून स्वतः तापतो, त्यामुळे वेग निम्मा केला तरी बिलात फारसा फरक पडत नाही. गोल बटण सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज वाचवतो, पण प्रत्येक लहरीचा काही भाग कापून टाकतो. म्हणून कमी वेगावर पंखा गुणगुणतो. टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारा, आत कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) असलेला रेग्युलेटर वीज वाचवतो आणि आवाजही करत नाही. साध्या पंख्याला हाच लावावा. बीएलडीसी पंख्याला मात्र कुठलाच रेग्युलेटर जोडायचा नाही. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच राहिला आणि कोणी तो फिरवला, तर कापलेली वीज बोर्डापर्यंत जाते आणि बोर्ड लवकर मरतो. तो काढून तिथे थेट जोडणी करून घ्यावी.

वेग कमी करण्याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. वारा वेगाच्या प्रमाणात कमी होतो, पण पाती फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे उतरते: अर्ध्या वेगाला आठवा हिस्सा. इंडक्शन मोटर यातलं बरंचसं स्वतःच्या तापण्यात घालवते, बीएलडीसी मात्र सर्वांत कमी वेगावर बहुधा १० वॅटच्याही खाली येतो. पहाटे शरीर आपोआप थंडावतं, तेव्हा टायमर किंवा स्लीप मोड लावून वेग उतरवला तर अंग दुखत नाही, डोळे आणि घसा कोरडा पडत नाही.

टांगताना

पंखा ४ ते ६ किलोचा असला तरी हुकावर नुसतं वजन नसतं, सतत हादरे असतात. हूक स्लॅबच्या सळईला अडकवलेला हवा. फॉल्स सिलिंगच्या पत्र्याच्या चौकटीला पंखा टांगणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दांडी तिच्यातून आरपार वर खऱ्या छतापर्यंत गेली पाहिजे. हुकावर आधी रबराचं रीळ, त्याला धरून शॅकल (‘यू’ आकाराची लोखंडी कडी), शॅकलमधून बोल्ट, बोल्टला नट आणि नटाच्या पुढे स्प्लिट पिन. पिनची दोन्ही टोकं वाकवलेली हवीत. हादऱ्यांनी नट सुटतो तेव्हा पंखा खाली येण्यापासून रोखते ती ही पिन. दांडी मोटरच्या बाजूला बसते तिथेही अशीच बोल्ट-पिन असते, आणि गाळली जाते ती बहुधा हीच. दर एक-दोन वर्षांनी दांडीच्या टोकाशी हूक झाकणारी वरची वाटी खाली सरकवून रबर बघावं: चिरलेलं, चपटं झालेलं असेल तर लगेच बदलावं. अर्थिंगची हिरवी तार नुसती गुंडाळून न ठेवता जोडलेली असावी.

आवाजावरून दोष ओळखणं

पंखा पूर्ण वेगात असताना स्विच बंद करा आणि कान द्या. आवाज त्याच क्षणी गेला, तर तो विजेचा: रेग्युलेटर, इन्व्हरटर किंवा वाइंडिंग. पंखा नुसता फिरत राहून हळू होतोय आणि आवाजही त्याच्याबरोबर चालू आहे, तर दोष यांत्रिक आहे. ही एवढी चाचणी केली की अर्धी शोधाशोध वाचते.

विजेचा आवाज असेल तर रेग्युलेटर पूर्ण वेगावर न्या. गुणगुण गेली तर पंखा निर्दोष आहे, रेग्युलेटर बदला. पूर्ण वेगावरही गुंजन राहिलं आणि डबा हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल, तर वाइंडिंगकडे संशय जातो.

यांत्रिक आवाजात फरक ओळखावे लागतात. एकसारखी घरघर किंवा खरखर म्हणजे बेअरिंग. बहुतेक सिलिंग फॅनमध्ये ६२०१ आणि ६२०२ या नंबरची बेअरिंग असतात, पण जुनीवर कोरलेला नंबर वाचूनच नवी आणावी आणि दोन्ही एकदम बदलावी. बंद बाजूंच्या बेअरिंगमध्ये बाहेरून तेल सोडून काही साधत नाही. आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर गळतं आणि चार दिवसांनी आवाज दुप्पट होतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ येत असेल तर सैल पातं, सैल स्क्रू किंवा मोटरला घासणारी खालची वाटी. अनियमित कुरकुर वरून येत असेल तर रबराचं रीळ किंवा हूक; याकडे काणाडोळा करू नये.

पंखा हळू झाला

व्होल्टेज ठीक, रेग्युलेटर पूर्ण, तरी पंखा दमल्यासारखा फिरतो. किंवा नुसता ‘हूं’ करतो आणि हाताने ढकलला की सुरू होतो, तोही ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला. (हे करून बघायचं असेल तर काठीने, आणि टेबल फॅनवर नाही.) ही मोटरला फिरायला मदत करणारा कंडेन्सर उतरल्याची खूण. त्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. लाइनच्या प्रत्येक झटक्याला त्यातला कणभर जळून जातो, आणि वर्षानुवर्षांत २.५ मायक्रोफॅरड क्षमतेचा कंडेन्सर दीडवर येतो.

बदलायला दहा मिनिटं लागतात. पंख्याचा स्विच बंद करणं पुरेसं नाही, मुख्य एमसीबी पाडायचा आणि टेस्टरने खात्री करायची. वरची वाटी सरकवली की कंडेन्सर दिसतो. काही पंख्यांत तो मोटरच्या वरच्या झाकणात असतो. त्यात वीज साठलेली राहू शकते, म्हणून प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं क्षणभर एकमेकांना टेकवावीत. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्टचा घ्यायचा. १२०० मिलिमीटरच्या पंख्यांना बहुतेक वेळा २.५ किंवा ३.१५ लागतो. “जरा मोठा टाका, जोरात फिरेल” हा सल्ला ऐकू नये. वेग थोडा वाढतोही, पण वाइंडिंगमधून नको तेवढा करंट जातो आणि ती वेळेआधी जळते.

कंडेन्सरच्या दोन तारा उलटसुलट लावल्या तरी चालतं. मोटरमधून येणाऱ्या तीन तारांबाबत तसं नाही. एक सामाईक, एक रनिंगची, एक स्टार्टिंगची. लाइनच्या दोन तारा सामाईक आणि रनिंगला, कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये. लाइन चुकून स्टार्टिंगवर गेली की पंखा उलटा फिरतो आणि वारा छताकडे जातो. फिरण्याची दिशा बरोबर आहे का, हे खालून पाहून कळतं: पात्याची जी कड वर उचललेली आहे ती पुढे जायला हवी. तारांच्या खुणा पुसल्या असतील तर मल्टिमीटरने जोड्याजोड्यांनी ओहम मोजावेत. ज्या दोन तारांमध्ये आकडा सर्वांत मोठा, ती रनिंग आणि स्टार्टिंगची टोकं. उरलेली तिसरी सामाईक.

डुलणारा पंखा

आधी पाती पुसा. धूळ पुढच्या कडेला साठते आणि सगळ्या पात्यांवर सारखी नसते. मग पात्यांचे आणि दांडीचे सगळे स्क्रू आवळा. तरी डुलत असेल तर छतापासून एक पट्टी खाली धरून, पंखा हाताने फिरवत प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर मोजा. ३-४ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर त्या पात्याचा पत्र्याचा हात वाकलेला आहे. मोटर दुसऱ्या हाताने धरून तो हलकेच सरळ करता येतो. साफ करताना पातं खाली दाबल्याने किंवा पंखा पात्यांना धरून उचलल्याने हे हात वाकतात.

अंतरं सारखी असूनही डुलत असेल तर वजनाचा फरक आहे. कारखान्यात पाती वजन जुळवून एका संचात देतात. एका पंख्याचं पातं दुसऱ्याला लावलं की हा संच मोडतो. पात्याच्या मध्यावर, वरच्या बाजूला, छोटं नाणं चिकटपट्टीने लावा आणि पंखा चालवून बघा. असं एकेका पात्यावर करत गेलं की एका पात्यावर डुलणं कमी झालेलं दिसेल. त्याच पात्यावर नाणं थोडं आत, थोडं बाहेर सरकवून सर्वांत स्थिर जागा शोधा आणि नाण्याऐवजी तिथे बॅलन्सिंगचं चिकट वजन पक्कं करा. लांब दांडीवर किंचित डोलणं राहतंच, त्याने बिघडत नाही.

टेबल फॅन आणि त्याचे भाऊबंद

टेबल, स्टँड आणि भिंतीवरच्या पंख्यांचं यंत्र जवळपास एकच असतं. टॉवर फॅनमध्ये उभं लांब रोटर असतं. जागा कमी लागते, पण त्याच आवाजात वारा कमी मिळतो आणि आतली धूळ काढायला अख्खा पंखा खोलावा लागतो. ‘बिनपात्यांचा’ म्हणून विकतात त्या पंख्यात पाती बुडख्यात लपवलेली असतात. लहान मुलांच्या घरात तो सोयीचा, एरवी वाऱ्याच्या मानाने महाग.

टेबल फॅन बंद पडतो तो फार करून केसांमुळे आणि धुळीमुळे. पात्यामागे दांड्यावर केस गुंडाळले जातात, पितळी बुशमधलं (दांडा जिच्यात फिरतो त्या नळीतलं) तेल त्यात शोषलं जातं, बुश कोरडी होते, मोटर अडते आणि तापते. वाइंडिंगला बांधलेला थर्मल फ्यूज मग उडतो, आणि पंखा आवाजही न करता मेलेला असतो. तो फ्यूज काढून तारा थेट पिळून देणारे कारागीर भेटतात. पंखा चालतो खरा, पण पुढच्या वेळी मोटर अडली की थांबवणारं काही नसतं आणि आग लागू शकते. तेवढ्याच तापमानाचा आणि करंटचा नवा फ्यूज टाकणं हाच उपाय.

मोसमातून एकदा त्याची साफसफाई करावी. प्लग काढून पुढची जाळी उतरवा. पातं धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा नट बहुतेक पंख्यांत उलट्या आट्यांचा असतो: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. नेहमीच्या सवयीने उलटा जोर लावून तो तोडणारे पुष्कळ. मागच्या जाळीचा नट मात्र साध्या आट्यांचा. पातं ओढून काढल्यावर दांड्यावरचे केस ब्लेडने कापून चिमट्याने काढा. दांडा बुशमध्ये शिरतो तिथे शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, मागच्या बाजूलाही दोन, आणि दांडा बोटांनी फिरवत राहा. बुशभोवतीच्या नमद्याने ते तेल पिऊन घेतलं पाहिजे. खायचं तेल महिन्याभरात चिकट डिंक होतं. गंज सोडवणारे स्प्रे उरलंसुरलं तेल धुऊन काढतात. दोन दिवस छान, मग पुन्हा तेच.

मान फिरवणारा गिअरबॉक्स नायलॉनच्या दात्यांचा असतो. खुंटी दाबलेली असताना पंख्याचं तोंड हाताने वळवलं की दाते झिजतात आणि पंखा कट-कट करत एकाच जागी अडखळतो. आधी खुंटी वर ओढायची, मग वळवायचं.

एक्झॉस्ट फॅन

याचं काम हवा बदलण्याचं, म्हणून खोलीचं घनफळ धरून निवडावा. ३ × २.५ × २.८ मीटरच्या स्वयंपाकघरात २१ घनमीटर हवा असते. ती तासाला १५ ते २० वेळा बदलायची तर तासाला ३१५ ते ४२० घनमीटरचा पंखा हवा. तेवढीच हवा आत यायलाही वाट पाहिजे. दार-खिडकी घट्ट लावून एक्झॉस्ट चालवला तर तो नुसता घुमतो. बाहेर धुराडं असलेला गॅस गिझर जवळ असेल तर धोका आणखी मोठा: हवेच्या ओढीने जळालेला वायू धुराड्यातून उलटा घरात येऊ शकतो. आत येणारी हवा पंख्याच्या समोरच्या बाजूने यावी. शेजारची खिडकी उघडली तर तीच हवा फिरून लगेच बाहेर जाते आणि चुलीवरची वाफ तिथेच राहते.

स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवर तेलकट धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने निघत नाही. एक्झॉस्टची पाती काढून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवावीत. सिलिंग फॅनसाठी जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून बाहेर ओढला की धूळ आतच पडते, मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं दोन्ही बाजूंनी फिरवावं, दुसरा हात पात्याखाली आधाराला ठेवून. मोटरवर पाणी किंवा स्प्रे मारायचा नाही. वरच्या झाकणाच्या भोकांतून ते थेट बेअरिंगवर उतरतं.